ॲस्लन, अस्लान की ॲझ्लन?

प्रश्न असा आहे: सी. एस. लुइस यांच्या 'नार्निया' या काल्पनिक देशाच्या इंग्रजी बालकथांतल्या सिंहाचं (Aslan) नाव मराठीत नेमकं कसं लिहायचं? आणि ते त्यांनी मनाने रचलं की कुठून घेतलं?

आधी दुसरं. 'अस्लान' म्हणजे तुर्कीत चक्क सिंह. जुनं रूप 'अर्स्लान', त्यातला र गळून हे झालं. १०७१ साली मान्झिकर्टच्या लढाईत बायझंटाइन सम्राटाला कैद करणारा सेल्जुक तुर्कांचा सुलतान अल्प अर्स्लान, त्याच्या नावातला सिंह तो हाच. आपल्याकडेही मुसलमान घरांत अर्सलान नावाचे मुलगे असतात. त्यामुळे 'ॲस्लन सिंह' असं लिहिलं की 'सिंह सिंह' होतं, पण तेवढं चालवून घ्यावं.

लुइस यांना हा शब्द मिळाला तो एडवर्ड लेन यांनी इंग्रजीत आणलेल्या 'अरेबियन नाइट्स'च्या टिपांमध्ये. १९५२ साली एका लहान वाचकाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वतःच हे सांगितलं आहे. त्याच पत्रात, आपल्या मनात 'यहूदाचा सिंह' होता, असंही ते म्हणतात. 'यहूदाचा सिंह' हे बायबलमधलं ख्रिस्ताचं बिरुद. म्हणजे अर्थ बायबलचा आणि नाव 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं'च्या टिपांतलं!

खरी गंमत मला पुढे वाटते. नार्नियाच्या दक्षिणेला वाळवंटापलीकडे कॅलॉर्मेन नावाचं शत्रुराज्य आहे. १९५४ च्या 'द हॉर्स अँड हिज बॉय'मध्ये ते सविस्तर भेटतं: फेटे, दाढ्या, बाकदार तलवारी, म्हणींनी मढवलेलं लांबलचक बोलणं. तिथल्या सरदारांची 'टार्कान' ही पदवी तर सरळ तुर्क-मंगोलांच्या 'तरखान'ची आठवण करून देते. या राज्याच्या चित्रणावर अनेक समीक्षकांनी पूर्वग्रहाचा आक्षेप घेतला आहे आणि मला तो पटतो. पण पूर्वेकडच्या गोष्टींच्या ज्या पोतडीतून खलनायकांचा हा सगळा सरंजाम निघाला, तिच्यातूनच नार्नियाच्या तारणहाराचं नावही निघालं आहे. आक्षेप घेणाऱ्यांनी आणि लुइस यांची बाजू घेणाऱ्यांनी, दोघांनीही हे ध्यानात ठेवायला हवं.

आता लेखन. चित्रपटांमुळे 'झ' कानावर पडतो, पण लुइस यांनी त्याच पत्रात आपला उच्चार दिला आहे आणि त्यात स्पष्ट 'स' आहे. आरंभीचा स्वर इंग्रजी 'ॲ'. तुर्की मूळ धरलं तर 'अस्लान' बरोबर. मात्र इथे तुर्की शब्द लिहायचा नसून इंग्रजी कादंबरीतल्या पात्राचं नाव लिहायचं आहे, म्हणून माझं मत 'ॲस्लन'ला. विभक्तीत 'ॲस्लनचा', 'ॲस्लनला' असंच ठेवावं; 'ॲस्लनाला' व्याकरणात बसेलही, पण मोठ्याने वाचताना जीभ अडखळते.