जपानात विचित्र दिसेल ते खा, ओळखीचं दिसेल ते आधी वाच

तू विचारलंयस, "ताई, एप्रिलमध्ये टोकियोत रुजू व्हायचंय. मांस-मासे खात नाही, अंडं चालतं. बॅगेत दहा किलो चिवडा-चकली घेऊ का? आणि तिथल्या त्या वासाबी-बिसाबी चवींच्या वाटेला जावं की नाही?"

दहा किलो नको रे. तीन खूप झाले. पोहे, बेसन, हिंग, तूरडाळ टोकियोतल्या नीशी-कासाई भागातल्या भारतीय दुकानांत मिळतं, शिन-ओकुबोलाही मिळतं. भाजणी मात्र घरची आण, मेतकूटही. ताजा कढीपत्ता आणि कैऱ्या बॅगेत टाकू नकोस. वनस्पती तपासणीचा दाखला नसेल तर विमानतळावरच काढून घेतात, आणि आईनं निवडून दिलेला कढीपत्ता डोळ्यांदेखत कचऱ्यात जाताना बघवत नाही.

आता चवींचं. मी 2012 मध्ये आले तेव्हा ठरवलं होतं की अनोळखी काही खायचं नाही. त्यामुळे ओळखीचे बटाट्याचे वेफर्स घेत राहिले, 'कॉन्सोमे' चवीचे. नाव ऐकून मला ते कांदा-टोमॅटोसारखं काहीतरी वाटलं, लागायचंही तसंच. तीन महिने मी ते आवडीनं खाल्ले. मग ऑफिसातल्या एका जपानी मैत्रिणीनं सहज पाकीट उलटं केलं आणि विचारलं, "तू कोंबडी खायला लागलीस का?" कॉन्सोमे म्हणजे मुळात मांस उकळून काढलेलं सार. मागच्या बाजूला कोंबडी आणि गाय दोघींची नावं सरळ लिहिलेली होती. चूक माझीच, मी पाकीट कधी उलटंच केलं नव्हतं.

तेव्हापासून माझा नियम उलटा झाला. चीज, करी, सूप, बार्बेक्यू, एवढंच काय तर साधं मीठ, असं जे जे ओळखीचं वाटतं ते आधी वाचायचं. मसाल्याच्या पुडीत मांसाचा किंवा माशाचा अर्क बऱ्याचदा असतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात, त्यामुळे बटाटा आणि तेल पुढे येतं आणि आपल्याला हवी ती माहिती पार शेवटी असते. तिथवर वाच. बुता म्हणजे डुक्कर, तोरी म्हणजे कोंबडी, ग्यू म्हणजे गाय. या तिघांच्या चित्रलिपीतल्या खुणा विमानात बसण्याआधीच पाठ कर. पुढे 'एकिसु' म्हणजे अर्क, 'जेरातिन' म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून काढलेलं जिलेटिन, आणि 'कात्सुओ' हा मासा, तो तर सुकवून कुठेही घातलेला सापडतो.

एक गोष्ट नवख्यांना कुणी सांगत नाही. पाकिटावर ॲलर्जीची चौकट असते, ती बघून निर्धास्त होऊ नकोस. कायद्यानं ज्यांची नोंद सक्तीची आहे त्यांत अंडं, दूध, गहू, शेंगदाणा, कोळंबी, खेकडा वगैरे येतात. गाय, डुक्कर, कोंबडी आणि जिलेटिन यांची नोंद करावी अशी नुसती शिफारस आहे. बहुतेक कंपन्या करतात, पण चौकटीत नाव नाही म्हणजे आत नाहीच, असं धरून चालू नकोस. फोनच्या कॅमेऱ्यानं भाषांतर होतं, पण चकचकीत पाकिटावर तो कधीकधी भलतंच सांगतो.

आता विचित्र म्हणतोस त्या चवी बघू. वासाबी म्हणजे एक झणझणीत हिरवी मुळी, तिला घाबरतोस कशाला? फेसलेल्या मोहरीचं रायतं खाल्लंयस ना? जिभेला सोडून थेट नाकात जाणारा तो झणका दोन्हीकडे एकाच रसायनामुळे येतो, अलाइल आयसोथायोसायनेट. मला पहिल्या घासाला मामीच्या हातचं लोणचं आठवलं. (एकच सावधगिरी: 'वासाबीफ' नावाचे वेफर्स 1987 पासून मिळतात. नावातच बीफ आहे, तरी आपली मंडळी 'वासाबी' एवढंच वाचून घेतात.)

अझुकी म्हणजे लाल चवळीसारखा दाणा, त्याचं गोड सारण बनपावात भरतात, आइस्क्रीममध्येही घालतात. पुरण खाऊन वाढलेल्या माणसाला यात नवं काय! उलट गोऱ्या सहकाऱ्यांची तोंडं वाकडी होतात, "डाळ गोड कशी?" म्हणून. किनाको हे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, डोळे मिटून खाल्लंस तर सातूचं पीठ आठवेल. त्यावर ओततात ते कुरोमित्सु म्हणजे जवळजवळ काकवीच, ओकिनावाच्या काळ्या गुळाच्या चुलतघरातली. करिंतो नावाचा गूळ चढवलेला तळणीचा खाऊ मिळतो, तो दिवाळीत शंकरपाळ्यांच्या डब्यात मिसळलास तर घरच्यांना पटकन कळायचं नाही. उमेबोशी म्हणजे मिठात मुरवलेलं आंबट फळ. त्या चवीचे वेफर्स मला फार आवडतात, पण घटक त्यांचेही वाचते. एकादशीला मात्र भाजलेलं रताळं. थंडीत कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, गरमागरम मिळतं.

साकुराची, म्हणजे चेरीच्या फुलांची, चव मात्र खरोखर अनोळखी आहे. फुलाला वास जवळजवळ नसतोच. जो येतो तो चेरीच्या मिठात मुरवलेल्या पानाचा. पहिल्यांदा मला साबण खाल्ल्यासारखं वाटलं, तिसऱ्या वर्षी मी वाट बघायला लागले. नात्तो, म्हणजे आंबवलेलं चिकट सोयाबीन, त्या चवीचं कुरमुरं नळकांडं मी एकदा खाल्लं. पुन्हा खाणार नाही.

तो नळकांडं प्रकार म्हणजे उमाइबो. प्रयोग करायचे तर तिथून सुरुवात कर. 1979 पासून बेचाळीसेक वर्षं त्याची किंमत 10 येन होती. 2022 मध्ये 12 झाली तेव्हा ती राष्ट्रीय बातमी होती, आता 15 आहे. तेवढ्यात एक चव कळते, नाही आवडली तर जीव जळत नाही. मोठं पाकीट घेऊन 'पैसे दिलेत तर संपवायलाच हवं' हा आपला बाणा इथे महागात पडतो.

आणि लांबणीवर टाकू नकोस. 'किकान गेन्तेइ' म्हणजे ठरावीक काळापुरतं, हे शब्द सगळीकडे दिसतील. साकुराचा माल फेब्रुवारीतच येतो, तू उतरशील तेव्हा उरलासुरला मिळेल. मी आले त्याच सप्टेंबरात गारिगारिकुन या बर्फाच्या कांडीची मक्याच्या सुपाची चव आली होती. लोकांनी अशी उचलली की काही दिवसांतच विक्री थांबवावी लागली. उद्या घेऊ म्हणून मी राहिलेच. पुढे 2014 मध्ये त्यांनी टोमॅटोच्या स्पॅगेटीची कांडी काढली, ती मात्र सपाटून पडली. सुमारे 30 कोटी येनांचा फटका बसला आणि कंपनी तो किस्सा स्वतःच हसत सांगते. अशा कंपनीवर माझं प्रेम आहे.

किटकॅटबद्दल तू ऐकलंच असशील. 'कित्तो कात्सु' म्हणजे नक्की जिंकशील, म्हणून परीक्षेला जाणाऱ्या मुलांना देतात. भारतात नेताना 2016 मधल्या साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, चवीसारखा प्रकार दिसला तर जपून. त्यात 0.8 टक्के अल्कोहोल होतं, आजीला प्रसादाशेजारी ठेवून दिलंस तर तू जाणे. गावोगावच्या खास चवींसाठी प्रवास करायलाच हवा असं नाही. युराकुचो-गिंझाच्या भागात होक्काइदो, ओकिनावा अशा प्रांतांची स्वतःची दुकानं आहेत, एक शनिवार त्यांत घालव.

'गेकिकारा', म्हणजे जहाल तिखट, लिहिलेलं दिसलं तर हसून घे. कोल्हापूरकर असशील तर दोनदा हसशील.

ऑफिसात पहिल्या आठवड्यात बाकरवडी ने, पण प्रत्येकासाठी वेगळं छोटं पाकीट करून. उघडा डबा फिरवला तर कुणी हात घालत नाही. आणि घट्ट झाकणाचे दोन डबे बॅगेत टाक. जूनमध्ये इथला पाऊस सुरू झाला की उघडं पाकीट रात्रीतून सादळतं, मग वासाबी असो की चकली.