त्याच गोळीने मामंजींना दिवसभर गुंगी का येते?

ताई, कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आपल्या घरचा प्रश्न मी दोनदा वाचला. 78 वर्षांच्या, 50 किलो वजनाच्या मामंजींना डॉक्टरांनी झोपेसाठी रोज रात्री डायझेपामची 5 मिलिग्रॅमची गोळी दिली. पहिले तीन-चार दिवस सारे ठीक होते, दुसऱ्या आठवड्यात मात्र दिवसभर गुंगी, जड बोलणे आणि चालताना झोक जाणे सुरू झाले. आपल्या तिशीतल्या यजमानांना कंबर धरली असताना हीच गोळी दिली होती आणि त्यांना काही त्रास झाला नाही, म्हणून मेडिकलमधून बनावट गोळी मिळाली असावी अशी आपल्याला शंका आहे. फार्मासिस्ट म्हणून आयुष्य काउंटरमागे काढलेल्या माझे मत असे की, गोळीवर संशय घेण्याआधी मामंजींच्या वयाकडे पाहावे, कारण आपण सांगितलेला घटनाक्रम वयाच्या परिणामाशी तंतोतंत जुळतो.

डायझेपाम चरबीत विरघळते. उतारवयात शरीरातले स्नायू आणि पाणी कमी होऊन चरबीचे प्रमाण वाढते, अगदी किडकिडीत दिसणाऱ्या माणसातसुद्धा, त्यामुळे हे औषध अंगात मुरून राहते. शिवाय त्याचे विघटन करणारे यकृतही मंदावलेले असते. विशीतल्या निरोगी माणसाच्या रक्तातले डायझेपाम निम्मे होण्यास साधारण 20 तास लागतात, तर ऐंशीच्या घरात त्याला 80 ते 90 तास लागू शकतात, आणि त्यापासून यकृतात तयार होणारा पदार्थही गुंगी आणणारा असून तो त्याहून जास्त रेंगाळतो. म्हणजे आज रात्रीची गोळी पोटात जाते तेव्हा कालची, परवाची बरीचशी शिल्लकच असते. रोज गोळी घेतल्यास रक्तातली पातळी स्थिर होण्यास निम्मे होण्याचे असे चार-पाच कालखंड जावे लागतात. तरुणात ते चार-पाच दिवसांत उरकते, मामंजींच्या वयात त्याला दोन आठवडे किंवा अधिक काळ लागतो. त्रास दुसऱ्या आठवड्यात का उघड झाला, याचे उत्तर यात आहे. त्यातच म्हाताऱ्या मेंदूवर तेवढ्याच पातळीचा परिणामही अधिक होतो.

आपण दिलेल्या यादीत पित्तासाठी ओमेप्राझोल आणि सर्दीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली गोळी आहे, याची मला अधिक काळजी वाटते. ओमेप्राझोल यकृतातले डायझेपामचे विघटन आणखी रोखते. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असते; ते स्वतः गुंगी आणते, वृद्धांत भ्रम निर्माण करू शकते आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी तुंबवू शकते. चिठ्ठीशिवाय आणलेली ही गोळी डॉक्टरांना बहुधा ठाऊकच नसते.

मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन 1.0 म्हणजे नॉर्मल, असे आपण लिहिले आहे. रिपोर्टवर ते तसेच दिसते, पण क्रिएटिनिन स्नायूंतून येते आणि स्नायू झडलेल्या वृद्धात मूत्रपिंड अशक्त असूनही तो आकडा वाढत नाही. मूत्रपिंडे मिनिटाला किती रक्त गाळतात याचा अंदाज घेण्यासाठी 140 मधून वय वजा करावे, त्याला वजनाने गुणावे आणि 72 गुणिले क्रिएटिनिन यांनी भागावे. स्त्री असल्यास उत्तराला 0.85 ने गुणावे. मामंजींचे उत्तर मिनिटाला 43 मिलिलिटर येते, तर तेवढ्याच क्रिएटिनिनच्या, 30 वर्षांच्या, 70 किलो वजनाच्या माणसाचे 107. डायझेपामला याने फारसा फरक पडत नाही, परंतु मेटफॉर्मिन, डिगॉक्सिन, गॅबापेंटिन अशा मूत्रपिंडावाटे बाहेर पडणाऱ्या औषधांची मात्रा ठरवताना हाच आकडा पाहावा लागतो. गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या सर्रास घेतल्या जातात. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवीची गोळी चालू असताना त्या अशा मूत्रपिंडाला धोक्यात आणतात.

दुधाबद्दल विचारले आहे म्हणून थोडक्यात: गंगावेशीच्या कट्ट्यावरचे धारोष्ण असो वा पिशवीतले, दुधातल्या कॅल्शियममुळे सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक औषधे शरीरात नीट शोषली जात नाहीत. ती पाण्याबरोबरच द्यावीत.

आता कृपया डायझेपाम स्वतःहून एकदम बंद करू नका. दीर्घकाळ घेतलेले असल्यास ते अचानक थांबवल्याने अस्वस्थता, क्वचित झटकेही येऊ शकतात. मात्रा कशी उतरवायची हे डॉक्टरच ठरवतील. सर्व स्ट्रिप्स, आयुर्वेदिक चूर्णे आणि काढेसुद्धा, एका पिशवीत घालून त्यांच्यासमोर ठेवा आणि वजन, क्रिएटिनिन व त्रास सुरू झाल्याची तारीख लिहून न्या. मधुमेहाची गोळी चालू आहे, तेव्हा आजच ग्लुकोमीटरने साखर पाहा, कारण ग्लिबेनक्लामाइडसारखी गोळी या वयात साखर फार खाली नेऊ शकते आणि साखर उतरल्याची लक्षणेही गुंगीसारखीच दिसतात. हाक मारून ते जागे होत नसतील, श्वास मंद वाटत असेल किंवा पडून डोक्याला मार लागला असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जे जवळ असेल त्या रुग्णालयात ताबडतोब न्यावे.