ओट्सची ती खळच कामाची असते

ताई, तुमच्या सासऱ्यांचं एलडीएल, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, 160 च्या वर गेलंय, डॉक्टरांनी ओट्स सुचवलेत आणि ते म्हणतायत, "ही पतंग चिकटवायची खळ मी खाणार नाही, माझी जोंधळ्याची भाकरीच बरी." मीही मंगळवार पेठेतला, आणि चार वर्षांपूर्वी माझंही हेच म्हणणं होतं.

त्यांना एवढंच सांगा, की ती खळ हेच औषध आहे. ओट्स शिजताना पातेल्याच्या कडेला जो बुळबुळीत थर धरतो, ते बीटा-ग्लुकन, म्हणजे पाण्यात विरघळणारं तंतुमय द्रव्य. आतड्यात ते पित्ताम्ल धरून ठेवतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. मग यकृताला नवं पित्त बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घ्यावं लागतं. जोंधळा, नाचणी उत्तमच, पण ही खळ त्यांत नसल्यासारखीच. सातूत, म्हणजे बार्लीत, मात्र ती भरपूर असते.

प्रमाणात मात्र बहुतेक जण चुकतात. रोज 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन लागतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 1997 साली ओट्सच्या पाकिटावर हृदयविकाराचा धोका कमी होण्याचा दावा छापायला परवानगी दिली, तीही याच 3 ग्रॅमच्या हिशेबावर. त्यासाठी साधारण 75 ग्रॅम सुके ओट्स पोटात जायला हवेत. दोन चमचे ओट्स दुधात भिजवून खाल्ले तर काही होत नाही. आणि ते नेहमीच्या खाण्याच्या जागी खायचे, वर जादा नव्हे. सकाळी ओट्स आणि दहाला मिसळ-पाव, असं मी पहिला महिनाभर केलं आणि रिपोर्ट जिथल्या तिथे. नंतर नीट पाळल्यावर तीन महिन्यांत माझं एलडीएल 162 वरून 150 वर आलं. साधारण एवढाच फरक पडतो, 5 ते 7 टक्के. म्हणून डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती स्वतःच्या मनानं अजिबात बंद करू नका.

आता खायचे कसे? दूध-साखर घालून त्यांना देऊच नका, आजाऱ्याची पेज वाटते. आंबील करा. मूठभर साधे रोल्ड ओट्स दीड वाटी पाण्यात आठ-दहा मिनिटं शिजवा, पार गार होऊ द्या, मग घुसळलेलं ताक, ठेचलेला लसूण, जिरं आणि मीठ. नाचणीची आंबील पिऊन वाढलेला माणूस हे वाटीभर सहज पितो. संध्याकाळी त्या 75 ग्रॅममधले उरलेले सुके ओट्स भाजून, भरडून थालीपिठात घाला, आपली कांदा-लसूण चटणी घालून. चटणीत मीठ असतंच, वरून बेतानं.

मसाला ओट्सची पाकिटं आणू नका. त्यात मीठ फार, आणि झटपट शिजणारे बारीक ओट्स रक्तातली साखर लवकर चढवतात. त्यांना मधुमेह असेल तर हे जास्तच महत्त्वाचं.

पहिल्या आठवड्यात पोट फुगेल. थोड्यापासून सुरू करा, पाणी वाढवा. थायरॉईडची गोळी चालू असेल तर ती उपाशीपोटी घेऊन किमान तासाभरानं आंबील द्या, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही.