रॉक टोनसाठी आधी काय बदलू: पिकअप, अँप की कॅबिनेट?

निपाणीचा आहेस, बारावीत आहेस म्हणतोस, म्हणून सरळ 'तू' म्हणतो. स्वस्तातला हंबकरवाला (म्हणजे दोन कॉइलींच्या पिकअपचा) गिटार, आठ इंची स्पीकरचा १५ वॉटचा प्रॅक्टिस अँप, हातात पंचवीस हजार, आणि डिस्टॉर्शन (सूर मुद्दाम फाडून खरखरीत करणं) लावलं की गांधीलमाश्यांचं पोळं उठल्यागत आवाज. माझंही एकेकाळी हेच रडगाणं होतं. पिकअपला, म्हणजे तारांखाली बसवलेल्या, तारांची थरथर पकडणाऱ्या चुंबक-कॉइलला, हात लावू नकोस. स्पीकर आणि तो बसवलेला खोका, म्हणजे कॅबिनेट, बदल.

२००५ साल. बेळगावात वडगावला आमच्या पावरलूमच्या शेडात मी आणि माझा आतेभाऊ गिटार बडवायचो. चार माग बाबांचे, आठ शेजाऱ्यांचे. आवाजाची तक्रार कोण करणार? आतेभावाचं मत ठाम: टोन पिकअपमध्ये असतो, बाकी सगळा नुसता लाऊडस्पीकर. त्यानं वर्षभर पैसे साठवून मुंबईहून एक अमेरिकन हंबकर मागवला. 'सोळा किलोओहम आहे' हा कॉइलच्या तारेच्या विद्युतरोधाचा आकडा तो बुलेटचे सीसी सांगावेत तसं सांगायचा. (गिब्सनचे जुने हंबकर साधारण आठच्या आसपास असतात, आणि त्यांच्यावर कुणाचं काही अडलं नाही.) खडेबाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून सोल्डर करून घेतला, शेडात आला, लावला. आवाज मोठा झाला, डिस्टॉर्शन लवकर फुटायला लागलं. पोळं तेच. माश्या तेवढ्या वाढल्या.

त्याच पावसाळ्यात मडगावच्या हॉटेलात वाजवणाऱ्या एका गिटारवाल्याच्या अँपचं सर्किट गेलं, आणि तो आतला स्पीकर दोन हजारांना द्यायला तयार झाला. सेलेस्चन जी१२टी-७५: बारा इंची, ७५ वॉट, आठ ओहम (स्पीकर अँपच्या करंटला किती अडवतो त्याचं माप). गोणपाटात गुंडाळून, चोर्ल्याच्या घाटातनं बसमध्ये मांडीवर घेऊन आणला. लोहचुंबक असला जड की खानापूर तालुका येईपर्यंत पाय बधिर.

आता खोका. अनगोळच्या एका मिस्त्रीला १८ मिलिमीटरचा प्लाय सांगितला. त्यानं जन्मभर देव्हारे आणि कपाटं केलेली. चित्र बघून म्हणाला, "मागनं बंद केलासा तर हवा कुठनं जायाची ओ?" हवा जाऊच द्यायची नव्हती. स्पीकरचा कोन पुढं हवा ढकलतो तेव्हा मागची ओढतो. पाठ उघडी असली की मागची लाट वळसा घालून पुढं येते आणि खर्जात दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. जाड ई तारेचा सूर ८२ हर्ट्झचा. पाम म्यूट केल्यावर (तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवल्यावर) छातीत बसणारा तो 'धप्' छोट्या उघड्या डब्यातून येतच नाही. हे मिस्त्रीला पटलं नाही, पण त्यानं केलं. चारी बाजूंनी फेविकॉल, तीन-तीन इंचांवर स्क्रू. आणि मी घरी गेलो तेवढ्यात न विचारता वरून सागवानी डिझाइनचा सनमायका! कॅबिनेट आजही देवघराच्या कपाटासारखं दिसतं. आई त्यावर एकदा निरांजन ठेवून गेली होती.

पुढच्या कापडासाठी बाबांनी मागावरचा साडीचा तुकडा दिला. तोंडाला लावून फुंकर मारून बघितली, हवा पलीकडं जाईना. म्हणजे आवाजातली धारही अडणार. शेवटी स्पीकर ज्या गोणपाटातनं आला तेच धुऊन, ताणून ठोकलं. तूही कापड घेताना फुंकर मारून घे.

आमच्या जुन्या प्रॅक्टिस अँपच्या आतल्या स्पीकरच्या दोन वायरी उपसून नव्याला जोडल्या. दोन्ही आठ ओहमचे, त्यामुळं अँपला काही कळायचं कारण नव्हतं. गिटार तोच, अँप तोच, नॉब हलवला नाही. आतेभावाला मान्य होईना म्हणून बाबांना पाठमोरं बसवलं आणि एकच रिफ (सुरांचा छोटा तुकडा) आलटून पालटून दोन्ही स्पीकरवर वाजवला. बाबांना रॉकचं काय? पण माग बिघडला की आवाजावरनं ओळखणारा माणूस. म्हणाले, "पयलं डबा बडवल्यागत हाय. दुसरं बरं हाय, छातीत लागतंय." मग पुन्हा जुना पिकअप बसवून तोच खेळ केला. बाबांना पिकअपमधला फरक सांगता आला नाही. आतेभाऊ म्हणाला, मामांना ऐकायला कमी येतं.

कारण साधं आहे. डिस्टॉर्शनमध्ये वरच्या पट्टीत भरपूर कचरा तयार होतो, आणि गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्यानं उतरतो. म्हणजे तो गाळणी आहे. आमच्या अँपमधला आठ इंची, टेपच्या बॉक्सात असतो तसला, मध्ये आणखी एक छोटा कागदी कोन असलेला. तो सगळा गाळ तसाच कानात ओततो.

लंडनच्या जिम मार्शलनं १९६२ मध्ये पहिला अँप काढला तो फेंडर कंपनीच्या बासमन नावाच्या अँपच्या सर्किटवरनं, जवळजवळ जसाच्या तसा. बासमनमध्ये दहा इंची चार स्पीकर, पाठ उघडी. मार्शलनं बारा इंची चार सेलेस्चन बंद खोक्यात घातले. पुढं रॉकचा आवाज म्हणून जग ओळखायला लागलं तो हा. (ट्यूब आणि ट्रान्सफॉर्मरही थोडे वेगळे होते, हे आतेभाऊ दर वेळी सांगतो. मान्य.)

वॉटच्या मागं लागू नकोस. आवाज दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. १५ चा ३० केलास तर जेमतेम ३ डेसिबल. उलट जी१२टी-७५ ची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये तो किती मोठा वाजतो ते, ९७ डेसिबल, त्याच कंपनीच्या व्हिंटेज ३० ची १००. नुसता स्पीकर बदलून तेच ३ डेसिबल मिळतात.

आता राहिलेलं. ओहम बघितल्याशिवाय काही जोडू नकोस. अँपवर किमान आठ लिहिलं असेल तर चारचा स्पीकर लावायचा नाही. पुढं कधी ट्यूब अँप घेतलास तर स्पीकर न जोडता चालू करू नकोस, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. आणि पिकअप अगदीच निकामी म्हणत नाही. त्या शेडात सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा पिकअप) लावला की मागांच्या मोटरी आणि ट्यूबलाइटचे चोक मिळून असली घरघर व्हायची की विचारू नकोस. हंबकरमध्ये दोन कॉइल उलट्या गुंडाळलेल्या असतात म्हणून ती घरघर आपापसात कटते. तुझ्याकडे हंबकर आहेच. स्क्रूड्रायव्हरनं तो तारांपासून थोडा खाली उतरवून बघ, फुकट आहे.

रात्री घरात वाजवायचं असेल तर मात्र माझा खोका उपयोगाचा नाही, हेडफोनवर चालणारा मॉडेलर घे, म्हणजे अँप आणि कॅबिनेटच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारा डबा. गेल्या गणपतीला आतेभाऊ पुण्याहून तसलाच घेऊन आला. झकास वाजत होता, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, अँप राहू दे, पिकअप राहू दे, फक्त त्यातलं कॅबिनेट बंद कर. त्यानं बटण दाबलं. हेडफोनमध्ये २००५ चं पोळं उठलं.

दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, "तुझा हेडफोनच बोगस हाय."