नवीन कीटकजाती शोधण्याचे करिअर : वडोदऱ्यातील एका आईच्या पत्राला उत्तर

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी बारावी सायन्सला बी ग्रुपमध्ये (जीवशास्त्र घेऊन) आहे, नीटची तयारी चालू असतानाही गच्चीवरच्या कुंड्यांत आणि कमाटीबागेत किडे न्याहाळत बसते, तिला सापडलेला टिकलीएवढा हिरवट भुंगेरा इंटरनेटवरच्या कुठल्याच फोटोशी जुळत नाही म्हणून तो नवीन जातीचाच आहे असे ती ठामपणे सांगते आणि आता याच क्षेत्रात जायचे म्हणते, असे आपण लिहिले आहे. यात पोट भरेल का आणि भरणार असेल तर वाट कोणती, हे आपले दोन प्रश्न आहेत.

आधी भुंगेऱ्याविषयी. जगात आजवर सुमारे १० लाख कीटकजातींचे शास्त्रीय वर्णन झाले आहे आणि त्यांपैकी जवळजवळ ४ लाख नुसते भुंगेरे आहेत. यांतल्या असंख्य जातींचा जिवंतपणी काढलेला फोटो कुठेही मिळत नाही. त्यांचे वर्णन एखाद्या जुन्या नियतकालिकात असते आणि मूळ नमुना लंडनच्या किंवा कोलकात्याच्या संग्रहात टाचणीवर जपलेला असतो. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा हिशेब १७५८ पासून धरला जातो, त्यामुळे एखादा कीटक नवीन आहे असे म्हणण्यापूर्वी तेव्हापासून त्या गटात जे जे वर्णन झाले ते सारे पाहावे लागते. फोटोवरून मला त्या भुंगेऱ्याची जात सांगता येणार नाही आणि कोणी छातीठोकपणे सांगितली तर तिने विश्वास ठेवू नये. तिला पडलेला प्रश्न मात्र अगदी योग्य आहे.

या कामाचे खरे स्वरूप तिने आताच समजून घ्यावे, कारण जंगलात फिरण्याचे दिवस थोडे आणि सूक्ष्मदर्शकापुढे बसण्याचे दिवस पुष्कळ असतात. अनेक गटांत दोन जाती बाहेरून हुबेहूब सारख्या दिसतात आणि फरक नराच्या जननेंद्रियाच्या आकारात असतो. त्यासाठी पोटाचे टोक अलगद वेगळे करून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात ठेवतात, मऊ भाग विरघळला की उरलेला कठीण सांगाडा ग्लिसरिनमध्ये घेऊन त्याचे चित्र काढतात. डीएनए बारकोडिंगची, म्हणजे डीएनएच्या एका ठराविक तुकड्यावरून जात ओळखण्याची, मदत आता होते, पण जुळवून पाहायला अचूक ओळखलेला नमुना नसेल तर ती अपुरी पडते. नवीन जात ठरली की ज्या एका नमुन्यावर ते नाव कायमचे बांधले जाते त्याला होलोटाइप म्हणतात. ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी टाचणीवर नसेल, तर कितीही देखणा नमुना अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

आता पोटापाण्याचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर गुजरातच्या कपाशीतच आहे. २००५ च्या सुमारास आपल्याकडे कपाशीवर पिठ्या ढेकणाचा, म्हणजे पांढऱ्या पिठासारखे आवरण असलेल्या रस शोषणाऱ्या किडीचा, मोठा उद्रेक झाला. तो मूळचा अमेरिका खंडातला फेनाकॉकस सोलेनॉप्सिस आहे हे पक्के होईपर्यंत त्याच्या ओळखीबद्दल बराच गोंधळ होता. पुढे त्याच्यावर जगणारी एक इवलीशी परोपजीवी गांधीलमाशी शेतांत आढळली आणि तिने त्याला बराच आळा घातला. अलीगढचे ज्येष्ठ कीटकतज्ज्ञ मोहम्मद हयात यांनी २००९ मध्ये नवीन जात म्हणून तिला एनासियस बम्बावालेई हे नाव दिले. नंतरच्या अभ्यासात ती अमेरिकेतून फार पूर्वी वर्णन झालेली एनासियस ॲरिझोनेन्सिस असल्याचे दिसले आणि आधीचे नाव ग्राह्य या नियमाने तेच कायम झाले. यात कोणाला कमीपणा नाही, हे शास्त्र असेच स्वतःला तपासत पुढे जाते. मित्रकीटक कोणता आणि पिकाचा शत्रू कोणता हे नेमके सांगणारी माणसे शेतीला लागतात, आणि नोकऱ्या प्रामुख्याने तिथेच आहेत.

म्हणून माझ्या मते दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्रात बीएस्सी आणि एमएस्सी, त्यानंतर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन पीएचडी. या वाटेने झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया (प्राण्यांची नोंद ठेवणारी केंद्र सरकारची संस्था), संशोधन संस्था आणि महाविद्यालये यांच्याकडे जाता येते. झूलॉजिकल सर्व्हेचे मुख्यालय कोलकात्यात असून पश्चिम विभागाचे केंद्र पुण्यात आहे. दुसरी वाट कृषीची : जवळच आणंदला कृषी विद्यापीठ आहे, तिथे बीएस्सी ॲग्री, मग कृषी कीटकशास्त्रात एमएस्सी आणि पीएचडी. कृषी संशोधन सेवेची परीक्षा, कृषी विद्यापीठांतील पदे, वनस्पती क्वारंटाइन (परदेशातून येणाऱ्या वनस्पतींवरील किडींची तपासणी), खासगी कंपन्यांमधील कीटकतज्ज्ञ अशी दारे या वाटेने अधिक उघडतात, शिवाय बंगळूरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोसारख्या ठिकाणी वर्गीकरणाचेच काम करता येते. घरची परिस्थिती बेताची असेल तर मी दुसरी वाट सुचवीन. नेटमधून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये फेलोशिप मिळते. मात्र कायम नोकरीला तिशी उजाडू शकते, आणि निव्वळ वर्गीकरणाच्या जागा थोड्याच निघतात. हे तिच्याशी मोकळेपणाने बोला.

नीटचा अभ्यास तिने सोडू नये असे मला वाटते, कारण दोन्ही वाटांना लागणारे जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र तेच आहे. मात्र आपणही तिच्यापुढे एमबीबीएस किंवा काहीच नाही असा पर्याय ठेवू नये.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. जांबुघोडा किंवा शूलपाणेश्वर अभयारण्यातून वनखात्याच्या परवानगीविना एकही कीटक उचलू नये, तो गुन्हा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नवीन जातीचा नमुना शासनाने नेमलेल्या संग्रहात जमा करावा लागतो, हेही तिला सांगून ठेवा. पैसे भरून काहीही छापणाऱ्या नियतकालिकांपासून तिने दूर राहावे.

तूर्त तिने एकच गट निवडावा, उदाहरणार्थ तिच्याच आवडीचे भुंगेरे, आणि गच्चीवर दिसेल त्या प्रत्येकाची तारीख, झाड आणि वर्तन वहीत लिहावे, फोटोला तोच क्रमांक द्यावा. बोर्डाची परीक्षा संपली की ती वही घेऊन आपण दोघी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात जा आणि तिथला कीटकसंग्रह पाहण्याची परवानगी मागा.

आपली,
करिअर मार्गदर्शक