ऑडिट म्हणजे कान देणं

प्रश्न: मी परळच्या आमच्या सोसायटीची ट्रेझरर, पण कॉमर्सवाली नाही. जुलैमध्ये हिशेबाचं ऑडिट झालं, आता नोटीस लागलीये की बिल्डिंगचंही ऑडिट करायचंय. ऑडिट तर पैशांचं असतं ना, मग भिंतींचं कसं? आणि हा शब्द आला कुठून?

उत्तर: ताई, ऑडिट हा शब्द मुळात पैशांचा नाहीच, कानांचा आहे. लॅटिनमध्ये 'आउदिरे' म्हणजे ऐकणं, त्यातूनच ऑडिओ, ऑडिशन, ऑडिटोरियम आले आणि ऑडिट हे त्यांचंच सख्खं भावंड. जुन्या काळी इंग्लंडात जमीनदाराचा कारभारी वर्षाचा जमाखर्च तोंडी मांडायचा, लिहिता-वाचता येणारे कमी होते ना, म्हणून हिशेब मोठ्याने वाचायचा आणि समोरच्याने ऐकता ऐकता कुठे खटकतंय ते पकडायचं, तो ऐकणारा म्हणजे ऑडिटर. पुढे वह्या-व्हाउचर तपासायची पद्धत आली, शब्द मात्र तोच राहिला. आपल्या 'लेखापरीक्षण'मध्ये 'ईक्ष्' हा संस्कृत धातू आहे, म्हणजे पाहणं. काम तेच, इंग्रजीने कानावर सोपवलं आणि आपण डोळ्यांवर, मला हे फार सुंदर वाटतं. तुम्ही एजीएममध्ये, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत, जमाखर्च नुसता वाटू नका, वाचून दाखवा, टँकरचा आकडा कानावर पडला की मागच्या खुर्चीवरचे आजोबाही हात वर करतात.

आता बिल्डिंगचं. जाणकाराने केलेली कुठलीही रीतसर तपासणी म्हणजे ऑडिट असा अर्थ नंतर पसरला, म्हणून फायर ऑडिट, एनर्जी ऑडिट. मुंबईत 30 वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे तिच्या सांगाड्याच्या मजबुतीची तपासणी, तर पालिकेच्या कायद्यानेच करावं लागतं, टाळू नका. इंजिनीअर येईल तेव्हा त्याच्यासोबत जरूर फिरा. बाकी यंत्रं असतातच, पण तो छोट्या हातोडीने कॉलमवर, स्लॅबवर टकटक करत जातो, काँक्रीट भरीव असेल तर खणखणीत आवाज येतो आणि आतून सुटलं असेल तर पोकळ, बद्द. आमच्याकडे जिन्याखालच्या कॉलमला नुकताच रंग दिला होता, दिसायला एकदम ठणठणीत, चार ठोके नीट पडले आणि पाचव्याला आवाज बदलला, तो कुणाला समजावून सांगावा लागला नाही, जिन्यात उभे होतो ते सगळेच गप्प झालो.