टायरवरचे बारीक आकडे

प्रश्न : माझ्या गाडीच्या टायरवर १६५/७० आर १४ ८१ टी असं आहे. दुकानदार म्हणतो, ‘१८५/७० टाकू, गाडी उंच दिसेल.’ किंमतही बरीच कमी करून देतोय. त्या टायरवर एका कोपऱ्यात २२१९ आहे. घेऊ का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नका घेऊ. आधी त्या २२१९ बद्दल बोलू, कारण स्वस्ताईचं कारण तिथेच दडलंय. ती टायरची जन्मतारीख आहे. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे हा माल २०१९ च्या मे अखेरीचा. टायर न वापरताही रबर कडक होतं, चिरा पडतात.

हे मी अनुभवाने सांगतोय. मी २०१९ मध्ये जुनी गाडी घेतली. चारही टायर नवे बघून खूश झालो. स्टेपनीची नक्षी तर कोरी करकरीत होती. खंबाटकीच्या पायथ्याशी पंक्चर झालं, स्टेपनी चढवली आणि शिरवळ यायच्या आत टायरला लिंबाएवढं पोट आलं. खाली बसून तारीख वाचली : ३८११. तोवर आठ वर्षं डिकीत पडून होती. टायरच्या दुकानात उभं आयुष्य काढलेल्या माणसाने आपल्याच गाडीची स्टेपनी वाचू नये! घरी अजून हसतात.

आता मापाकडे. १६५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे रिमच्या कडेपासून टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंतची उंची रुंदीच्या सत्तर टक्के, साधारण साडेअकरा सेंटिमीटर. १४ हा रिमचा व्यास, तो मात्र इंचात. कापड मीटरने आणि कंबर इंचाने, त्यातलीच ही गंमत. ‘आर’चा अर्थ बरेच जण त्रिज्या सांगतात, तो रेडियलचा, म्हणजे आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे घातलेल्या टायरचा आर आहे.

मधला ७० टक्क्यांत असल्यामुळेच दुकानदाराची गोम लक्षात येत नाही. १८५ चे सत्तर टक्के जास्त भरतात. चाकाचा व्यास २८ मिलिमीटरने वाढतो. गाडी उंच दिसेल म्हणता, तर जमिनीपासून वाढणार जेमतेम १४ मिलिमीटर! त्या बदल्यात मीटरवरच्या त्याच आकड्याला गाडी जवळपास पाच टक्के जास्त पळेल आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत घासायची भीती. रुंद टायरचीच हौस असेल तर १७५/६५ आर १४ विचारा. त्याचा व्यास तुमच्या मापापेक्षा साडेतीन मिलिमीटरच कमी आहे. पण कंपनीच्या पुस्तिकेत ते माप दिलंय का, हे आधी बघा.

शेवटचा ८१ कुणी विचारतच नाही. एका टायरने ४६२ किलो पेलायचे, असा त्याचा अर्थ. यापेक्षा खालचा आकडा घेऊ नका; सुट्टीला सहा माणसं आणि आंब्याच्या पेट्या भरून निघणाऱ्यांनी तर नाहीच. ‘टी’ म्हणजे ताशी १९० किलोमीटर वेगमर्यादा. तिथवर तुम्ही जाणार नाही, तरी ‘एस’वर, म्हणजे १८० वर, उतरू नका.

तारीख बाहेरून दिसली नाही तर घाबरू नका, पुष्कळदा ती एकाच बाजूला असते. जुनी चादर अंथरा, गाडीखाली डोकं घाला आणि आतल्या बाजूला बॅटरी मारा. स्टेपनी धरून पाच टायर मोजा.